‘सुरतेत शाकाहाऱ्याला काय कमी?’ : एका समजाचा प्रतिवाद

पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत शाकाहारी प्रवाशाने कुठे जेवावे हा विषय निघाला की मालवण, रत्नागिरी, पणजी, दमण ही नावे गैरसोयीच्या बाजूला आणि सुरतेचे नाव सोयीच्या बाजूला टाकून चर्चा संपवण्याची सवय मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषकांना जडलेली आहे. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजरातीतील प्रसिद्ध म्हण या निकालावर शिक्का म्हणून उमटवली जाते आणि पुढे काही विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. या समजाची मांडणी साधारण अशी असते : सुरत हे शाकाहाराचे माहेर आहे, तेथे प्रत्येक वळणावर ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी आहे, तेव्हा मांस-मासे न खाणाऱ्याने तेथे डोळे मिटून जेवावे, जो त्याहून पुढे जाऊन दूध, दही, तूपही नको म्हणतो, म्हणजे ज्याला आज ‘वीगन’ असे म्हणतात, तो परदेशातून आलेल्या श्रीमंती खुळाचा अनुयायी आहे, त्याने वेसू, पिपलोद किंवा घोडदोड रोडवरील एखादे महागडे कॅफे शोधावे अथवा उपाशी राहावे, आणि लोहमार्गालगतच्या आणि त्याच्या पूर्वेकडील लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना यांसारख्या कामगार वस्त्यांत पाहुण्याने खाण्याजोगे काही असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यांपैकी शेवटचे विधान फारसे कोणी मोठ्याने करत नाही, परंतु खाद्यभ्रमंतीच्या याद्या त्याच विधानावर उभ्या असतात. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांतील पहिली दोन टिकून राहतात ती तिसऱ्याच्या आधाराने.

सुरत शाकाहारी शहर आहे, या विधानापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पायाभूत सर्वेक्षणात गुजरातमधील १५ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ३९ टक्के लोक मांसाहारी असल्याचे नोंदवले गेले. म्हणजे ज्या राज्याला सरसकट शाकाहारी म्हटले जाते तेथे दर पाच माणसांमागे जवळपास दोन माणसे मांसाहार करतात. सुरत तर किनाऱ्यालगतचे बंदर. तापी समुद्राला मिळते त्या डुमस-हजिऱ्याच्या पट्ट्यात मासेमारीवर जगणारे समाज पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. नदीपलीकडच्या रांदेरमधील व्यापारी कुटुंबांनी ब्रह्मदेशाशी असलेल्या संबंधांतून खावसा हा पदार्थ घरी आणला. झांपाबाजाराच्या परिसरात दाऊदी बोहऱ्यांच्या स्वयंपाकाची स्वतंत्र परंपरा आहे. आणि अंड्याचा ‘घोटाळो’ विकणाऱ्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, ही सुरतेच्या रात्रीची ओळख आहे. ही सर्व माणसे सुरतेची नव्हेत काय? त्यांना वजा करून जे शहर उरते त्यालाच ‘सुरत’ म्हणायचे असेल, तर तो आहाराविषयीचा निष्कर्ष राहत नाही, तो शहर कोणाचे याविषयीचा निवाडा होतो.

हा निवाडा केवळ शब्दांपुरता राहत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजकोट, वडोदरा, भावनगर आणि अहमदाबाद येथे मुख्य रस्त्यांवरील मांसाहारी आणि अंड्यांच्या लाऱ्या हटवण्याचा किंवा नजरेआड करण्याचा पवित्रा महापालिकांनी घेतला, आणि पुढच्याच महिन्यात गुजरात उच्च न्यायालयाला अहमदाबाद महापालिकेची या प्रश्नावर कडक शब्दांत कानउघाडणी करावी लागली. त्या मोहिमेने एका तरी शाकाहारी प्रवाशाच्या ताटात एक घास वाढवला काय? शेजारची लारी उठली म्हणून आपल्या ताटातील वरणात तूप आहे की तेल, हे त्याला अधिक स्पष्टपणे कळले काय? शाकाहाराची सोय आणि शाकाहाराचा अभिमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिलीसाठी माहिती लागते, दुसरीसाठी केवळ पाटी पुरते, आणि सुरतेत पाट्यांची वाण कधीच नव्हती.

आता त्या पाटीकडे वळावे लागते, कारण सगळ्या समजाचा भार तिच्यावर आहे. भारतीय कायद्यात ‘मांसाहारी’ पदार्थाची जी व्याख्या आहे तिच्यात प्राण्यांपासून आलेले घटक आणि अंडी येतात, दूध आणि दुग्धजन्य पदार्थ मात्र वगळलेले आहेत. परिणामी पाकिटावरील हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका खव्याच्या मिठाईवरही असतो आणि चण्याच्या डाळीवरही असतो. ही व्याख्या बहुसंख्य भारतीय शाकाहाऱ्यांच्या आचाराला धरून आहे आणि तिच्याशी भांडण्याचे कारण नाही. परंतु ज्याला दूध वर्ज्य आहे त्याला हा ठिपका काहीच सांगत नाही, आणि दूध वर्ज्य असणारी माणसे केवळ प्राण्यांविषयीच्या भूमिकेतून तसे करतात असेही नाही. दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची शक्ती वयाबरोबर कमी होणारे प्रौढ भारतात मोठ्या संख्येने आहेत. दुधाची अॅलर्जी असणारी मुले आहेत. वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी तूप-लोणी बंद केलेले रुग्ण आहेत. या सर्वांना ‘इथे सगळे शाकाहारीच आहे’ हे उत्तर देणे म्हणजे त्यांचा प्रश्न न ऐकणे होय.

सुरती खाण्याचा तपशील पाहिला तर हे अधिक उघड होते. आश्विन पौर्णिमेनंतरच्या चांदनी पडव्याला सारे शहर जी घारी खाते ती खवा आणि तुपाची असते, तेव्हा तिचा विचारच नको. लोचो हा भिजवून वाटलेल्या चणाडाळीचा वाफवलेला, सैलसर पदार्थ. तो मुळात दुधाशी संबंध नसलेला आहे, पण वाढताना त्यावर तेल ओतावे की लोणी, हे गिऱ्हाईक ठरवते, आणि ज्या अनोळखी प्रवाशाने काही सांगितलेच नाही त्याच्या बशीत काय पडेल हे गाडीवाल्याच्या हातावर अवलंबून राहते. खमण कोणाकडे नुसत्या डाळीचे असते, कोणाकडे आंबटपणासाठी ताकातले. हिवाळ्यातील उंधियू, ज्यात सुरती पापडी, जांभळा कंद, रताळे, छोटी वांगी आणि लसणाची हिरवी पात तेलात शिजते, तो बहुधा पूर्णपणे वनस्पतिजन्य असतो. कोवळ्या ज्वारीचा पोंक, डुमसच्या किनाऱ्यावरची कंदपुरी आणि टोमॅटोची भजी, अळूच्या पानांचे पात्रा यांतही दूध नाही. याउलट गुजराती थाळीत रोटलीवर तूप, डाळीत तूप, सोबत कढी आणि छास हे न मागता येते, आणि न मागता येणे हीच तेथे आदरातिथ्याची खूण मानली जाते. म्हणजे याच शहरात दूध न घेणाऱ्या माणसाला खाण्यासारखे पदार्थ भरपूर आहेत आणि त्यांच्या अगदी शेजारी न खाण्यासारखे पदार्थही तितकेच आहेत, आणि दोहोंच्या दारावर पाटी एकच आहे. अशा स्थितीत प्रवाशाने डोळे मिटून जेवावे हा सल्ला कोणत्या आधारावर दिला जातो?

यावर एक ठरलेले उत्तर येते : इतक्या बारीकसारीक अटी कोणता हॉटेलवाला सांभाळणार? हे उत्तर सुरतेत देणे विशेष अप्रस्तुत आहे. कांदा नको, लसूण नको, बटाटा आणि इतर कंदमुळे नकोत, ही जैन आहाराची अट दुधाच्या अटीपेक्षा अधिक कठीण आहे, कारण ती मसाल्याच्या तळापर्यंत पोहोचते आणि वाटण आधीच तयार असेल तर ते बाजूला ठेवून नवे करावे लागते. तरीही सुरतेतील लहान लारीपासून मोठ्या उपाहारगृहापर्यंत ‘जैन’ म्हटले की आचाऱ्याला पुढे काही समजावून सांगावे लागत नाही. पदार्थांच्या यादीत त्याचा वेगळा रकाना असतो, आणि पावभाजीपासून पिझ्झ्यापर्यंत सारे ‘जैन’ स्वरूपात मिळते. स्वामिनारायण पंथीयांच्या कांदा-लसूण वर्ज्य करण्याच्या नियमालाही हे शहर असेच सरावलेले आहे. जे शहर कांद्याच्या बाबतीत इतकी काटेकोर व्यवस्था उभी करू शकते त्याला तुपाच्या बाबतीत ती अशक्य कशी? अडचण स्वयंपाकघरात नाही. ज्यांची अट महत्त्वाची मानली जाते त्यांच्यासाठी व्यवस्था होते आणि ज्यांची अट खूळ ठरवली जाते त्यांना अशक्यतेचे कारण दिले जाते, एवढाच याचा अर्थ आहे.

खूळ हा शब्द येथे नेमका तपासला पाहिजे, कारण दुसऱ्या विधानाचा सारा जोर त्यावर आहे. ‘वीगन’ ही संज्ञा १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली हे खरे, आणि भारतात अशा अन्नासाठी स्वतंत्र नियम व चिन्ह २०२२ मध्ये आले हेही खरे. पण नाव परदेशी आहे म्हणून ताट परदेशी ठरत नाही. सुरतेपुरते बोलायचे तर त्या ताटाचा पत्ता लिंबायतमध्ये सापडतो. उधना ते जळगाव हा तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा खानदेशात पोहोचतो, आणि याच मार्गाने सुरतेच्या मागांवर, रंगकामाच्या आणि छपाईच्या कारखान्यांत, साडीच्या बाजारात काम करायला आलेल्या धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतील कुटुंबांनी लिंबायत आणि आसपासच्या वस्त्या मोठ्या प्रमाणात वसवल्या. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, श्रावणात कानबाईचे रोट होतात, घराघरांत अहिराणी बोलली जाते; आणि त्यांच्या चुलीवर जे शिजते त्याचा मोठा भाग दुधाशिवायच उभा राहिलेला आहे.

ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी घ्यावी, ती पिठात मीठ घालून गरम तव्यावर भाजली की झाली. तिच्याबरोबर हिरव्या मिरची-लसणाचा ठेचा आणि शेंगदाण्याचे तेल येते. भरिताची वांगी, ज्यांना ‘जळगाव भरीत वांगे’ या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि त्यांत तेलाची फोडणी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप पडतात. शेवभाजीत जाड तिखट शेव काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सुटते. डुबुकवड्यांत बेसनाचे गोळे उकळत्या रश्श्यात सोडतात. पातोड्यांच्या भाजीत बेसनाच्याच थापून कापलेल्या वड्या असतात. लग्नाकार्यात गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असते. आणि तुरीच्या डाळीची खानदेशी खिचडी, जिच्यावर गुजरातेत तुपाची धार अपेक्षित असते, ती येथे कच्च्या शेंगदाणा तेलाबरोबर आणि उडदाच्या पापडाबरोबर खाल्ली जाते. यांपैकी कोणत्या पदार्थासाठी परदेशातून काही मागवावे लागते? बदामाचे दूध, सोयाचे पनीर, नारळाचे दही यांपैकी कशाची येथे गरज पडते? वीगन जेवण महाग असते हा समज ज्या कॅफेंतून पसरला तेथे दुधाच्या पदार्थांची नक्कल विकली जाते. ज्या स्वयंपाकात दूध मुळात नाही तेथे नकलेचा खर्चही नाही.

प्रतिपक्षाचा यावरील सर्वांत गंभीर आक्षेप असा की हे सारे गरिबीचे अन्न आहे, कोरडवाहू शेतकऱ्याला तूप परवडत नव्हते म्हणून तो तेल खात होता, त्याला तत्त्वाचा मुलामा देणे हा ढोंगीपणा आहे. आक्षेपातील वस्तुस्थिती बऱ्याच अंशी बरोबर आहे. सणाला खापरावरचे मांडे आणि त्यांवर तूप, बट्टीवर तुपाची धार, हे खानदेशातही आनंदाने होते, आणि पुष्कळ खानदेशी घरांत मटणही शिजते. परंतु या वस्तुस्थितीतून निघणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ज्या स्वयंपाकिणीने तीन धान्यांच्या, दोन डाळींच्या आणि एका तेलाच्या बळावर रोजचे जेवण चवदार केले तिचे कौशल्य तिच्या हेतूवर अवलंबून नसते. भरीत तत्त्वासाठी केले काय किंवा परवडते म्हणून केले काय, त्यात दूध नसते ते नसतेच. आणि सुमुलसारखा सुरत जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९५१ मध्ये स्थापन झाल्यानंतर, व पुढे १९७० मध्ये देशभर सुरू झालेल्या दुग्धविकास कार्यक्रमानंतर, शहरी घरात दूध ज्या सहजतेने आणि रोज येऊ लागले, त्या सहजतेलाच अनादि परंपरा मानून तिच्या आधारे दूध न घेणाऱ्याला परका ठरवणे हे कोणत्या इतिहासाला धरून आहे? कष्टकऱ्यांच्या जेवणाला ‘परंपरा’ हा शब्द नाकारायचा आणि तो केवळ संपन्नांच्या ताटासाठी राखून ठेवायचा, असा हा व्यवहार आहे, आणि त्याविषयी संताप येणेच योग्य आहे.

यानंतर उरते ते तिसरे, न उच्चारलेले विधान. लिंबायत हे नाव सुरतेबाहेरच्या वाचकाला माहीत असलेच तर निवडणुकीच्या बातम्यांतून, मिठी खाडीच्या पुरातून किंवा दाटीवाटीच्या वर्णनातून माहीत असते. सुरत स्थानक आणि रिंग रोडचा कापड बाजार येथून जवळ आहेत. मालेगाव, जळगाव, नागपूरकडचा जो व्यापारी साड्या घ्यायला येतो, जो रुग्ण उपचारांसाठी येतो, जे नातेवाईक लग्नाला येतात, त्यांचे सुरतेतील वास्तव्य डुमसच्या किनाऱ्यापेक्षा याच भागाच्या आसपास घडते. तरीही ‘सुरतेत कुठे खावे’ हे सांगणारे लेखन गाडी लोहमार्गाच्या पश्चिमेलाच थांबवते. कारण विचारले तर स्वच्छतेचे दिले जाते. स्वच्छता ही प्रत्येक खानावळीची स्वतंत्रपणे पाहण्याची बाब आहे, अख्ख्या वस्तीवर मारण्याचा शेरा नव्हे. आणि तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी व उकळत्या पातेल्यातून वाढलेला रस्सा, काचेच्या पेटीत दिवसभर ठेवलेल्या क्रीमच्या पदार्थांहून आरोग्याला अधिक धोकादायक कसे, हे कोणी दाखवून दिलेले नाही.

प्रवासात थोडे जमवून घ्यावे, एवढ्या तेवढ्या तुपाने काय होते, असाही एक समजूतदार वाटणारा सल्ला दिला जातो. तोच सल्ला जैन प्रवाशाला कांद्याबाबत किंवा शाकाहारी प्रवाशाला मालवणात सुकटाबाबत द्यायला कोणी धजावेल काय? नसेल, तर तो सल्ला नाही, तो दुसऱ्याच्या आहाराचा अनादर आहे, आणि त्याला उत्तर देण्यात अधिक शब्द घालवण्याचे कारण नाही.

म्हणून ‘सुरतेत शाकाहाऱ्याला काय कमी?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की अन्न कमी नाही, खरे बोलणारी पाटी कमी आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना दुधासारख्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती देण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. लहान खानावळीला ते नाही, आणि तिच्यावर कायद्याचा बडगा उगारावा अशी मागणीही येथे नाही. तिने रोजच्या फळ्यावर शेवभाजी, भरीत, डुबुकवडे, लोचो यांच्यापुढे ‘तेलातले’ किंवा ‘तुपातले’ एवढा एक शब्द लिहावा. जेथे मटणही शिजते तेथे शेवभाजीचा रस्सा वेगळ्या पातेल्यातला आहे की नाही हे सांगावे. आणि थाळीत रोटली वाढण्यापूर्वी तूप लावू का, असे विचारावे. शहराची ओळख करून देणाऱ्या पर्यटन पुस्तिकांनी आणि याद्यांनी घारी-लोचोच्या शेजारी कळण्याच्या भाकरीला आणि भरिताला जागा द्यावी, आणि ती कुठे मिळते हे लिहिताना लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना ही नावे गाळू नयेत. ही नावे गाळून सुरतेला शाकाहाराचे माहेर म्हणणाऱ्यांनी, त्या माहेरात दुधाशिवायचे रोजचे जेवण पिढ्यान् पिढ्या कोण रांधत आले आहे, याचे उत्तर आधी द्यावे.